नेट पुन्हा पुन्हा जातंय? कंपनी बदलण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते शोधा

देवरुख, लांजा, वैभववाडी, कोकणातलं कुठलंही तालुक्याचं गाव घ्या, तक्रार एकच असते. प्लॅन १०० एमबीपीएसचा, दुपारी सगळं सुरळीत, पण संध्याकाळ झाली किंवा पावसाने जोर धरला की नेट गेलंच. माणूस वैतागून कंपनी बदलतो. नवी वायर येते, नवा डबा भिंतीवर लागतो, पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होतं.

छोट्या गावात दोन कंपन्यांच्या वायरी बऱ्याचदा एकाच खांबावरून येतात. दोघींची माणसं एकाच रस्त्याकडेच्या केबलवर अवलंबून असतात, आणि घरातल्या भिंती तर कुठल्याच कंपनीसाठी बदलत नाहीत. त्यामुळे बिलावरचं नाव बदलतं, दोष जागच्या जागी राहतो. नवीन कनेक्शन निवडायचं असलं तरी आधी हा दोष कुठे आहे ते कळलं पाहिजे, नाहीतर निवड म्हणजे नुसती सोडत.

बाहेरून घरापर्यंत नेट चार टप्प्यांनी येतं. मुंबई, रत्नागिरी किंवा कोल्हापूरहून गावात येणारी मुख्य लाइन, गावातल्या ऑपरेटरच्या (नेट जोडून देणाऱ्या स्थानिक केबलवाल्याच्या) मशीनपासून खांबापर्यंतची केबल, खांब ते घर ही बारीक वायर, आणि शेवटी घरातलं वायफाय. एअरफायबर (टॉवरवरून छपरावरच्या डब्यात येणारं नेट) किंवा सिमवरचं नेट असेल तर मधले दोन टप्पे हवेतून येतात, पण टॉवरच्या मागे मुख्य लाइन असतेच.

कुठला टप्पा दगा देतोय हे ओळखायला आठवडाभर राउटरशेजारी वही ठेवा. नेट गेलं की वेळ लिहायची, लाइट होती का, पाऊस होता का, डब्यावर कुठला दिवा पेटला होता, आणि शेजारच्या वाडीतही गेलं होतं का. एवढ्या पाच गोष्टी. आठ दिवसांत त्या पानावर एक नमुना दिसायला लागतो, आणि कस्टमर केअरच्या दहा फोनपेक्षा ते पान जास्त सांगतं.

ओटीवर चालतं, मागच्या खोलीत नाही

हे सगळ्यात सोपं, आणि सगळ्यात जास्त वेळा कंपनीच्या माथी मारलं जाणारं. आपल्याकडची जुनी घरं चिऱ्याची. जांभ्याची जाड भिंत वायफाय खाते, आणि पावसाळ्यात ती ओल धरते तेव्हा आणखी खाते. त्यात वायर जिथून आत येते तिथेच, म्हणजे पडवीच्या कोपऱ्यात मीटरच्या बोर्डाखाली, डबा ठोकून माणूस निघून जातो. तिथून माजघरातल्या मोबाइलला रेंज मिळायला मध्ये तीन भिंती पार कराव्या लागतात.

तपासायची रीत एकच: लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि वेग पाहा. वायरवर पूर्ण वेग येत असेल तर बाहेरचे तिन्ही टप्पे ठीक आहेत, कंपनीला दोष देऊ नका. लॅपटॉप नसेल तर मोबाइल राउटरपासून हातभर अंतरावर धरून ५ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर तपासा.

उपाय म्हणून बाजारात रिपीटर मिळतो. मी तो सुचवत नाही. जिथे रेंज मुळातच अशक्त आहे तिथे तो लावला जातो आणि तेच अशक्त नेट पुढे ढकलतो, शिवाय साध्या रिपीटरमध्ये वेग जवळपास निम्मा होतो. त्यापेक्षा कॅट-६ केबल आढ्यावरून माजघरात न्या आणि तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरने आलेलं नेट तिथून वायफायने द्यायला, लावा. ही केबल १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते, म्हणजे मागच्या मांगरापर्यंतही जाते. २.४ गिगाहर्ट्‌झचं वायफाय भिंतीतून थोडं जास्त जातं, ५ गिगाहर्ट्‌झचं वेगवान पण खोलीपुरतं. बाजारपेठेत घर असेल आणि आजूबाजूला दुकानांचे वायफाय असतील तर २.४ साठी चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा असेल तो हाताने निवडा.

लाइट गेली की नेट जातं

यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. तुमच्या घरातली लाइट आणि ऑपरेटरच्या मशीनकडची लाइट. फायबरचा डबा सहसा १२ व्होल्टवर चालतो आणि वीज अगदी कमी खातो. त्यासाठी छोटा डीसी मिनी यूपीएस मिळतो, तो डबा आणि राउटर दोन्ही काही तास चालवतो. घेताना ॲडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या, ९ व्होल्टचा राउटर १२ वर लावला तर जळू शकतो. मिनी यूपीएसचा आणखी एक फायदा आहे. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं, दिवे मिणमिणतात, तेव्हा राउटर आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होतो. लाइट गेली असं कुणाला वाटतही नाही, पण नेट पाच मिनिटं जातं. ते थांबतं.

आता खरी तपासणी. घरातला डबा यूपीएसवर चालू असताना लाइट जाऊ द्या आणि दिवे बघा. ‘लॉस’चा दिवा लाल लुकलुकायला लागला तर समोरून येणारा प्रकाशच बंद झाला आहे. वायर त्याच क्षणी तुटण्याची शक्यता कमी, म्हणजे ऑपरेटरचं मशीन लाइटबरोबर झोपलं. ‘पॉन’चा दिवा हिरवा स्थिर आहे पण नेट नाही, तर मशीन जागं आहे आणि अडचण त्याच्या मागे, मुख्य लाइनवर आहे. दोन्ही वेळा घरातला राउटर बंद-चालू करून काही होणार नाही. ऑपरेटरला थेट विचारा, मशीन कुणाच्या घरी किंवा दुकानात बसवलंय, त्याला इन्व्हर्टर आहे का, बॅटरी किती तास टिकते. महावितरण देखभालीसाठी दिवसभर लाइट बंद ठेवते तेव्हा काय करता, हाही प्रश्न विचारा. ज्याच्याकडे या प्रश्नाला नेमकं उत्तर आहे त्याचं नेट घ्यावं, मग प्लॅन पन्नास रुपयांनी महाग का असेना.

पाऊस आला की नेट जातं

फायबर म्हणजे काच. तिला पावसाचं काही वाटत नाही. पाणी जातं ते जोडात. खांबावरच्या डब्याचं झाकण सैल, जोडाला नुसती काळी टेप, किंवा वायर फणसाच्या फांदीला टेकलेली आणि वाऱ्याबरोबर घासणारी, हे खरे गुन्हेगार. उंदीर आणि माकडं वायर कुरतडतात तो त्रास वेगळाच.

हा दोष आकड्यात पकडता येतो. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून आत जा (बहुतेक वेळा १९२.१६८.१.१, डब्याच्या खालच्या लेबलवर असतो) आणि ‘ऑप्टिकल’ किंवा ‘पॉन’ नावाच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ बघा. हा डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाचा आकडा, तो उणे डीबीएममध्ये (प्रकाशाच्या ताकदीचं माप) असतो. उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान असेल तर तब्येत चांगली. उणे २७ च्या पलीकडे गेला की नेहमीच्या जीपॉन (एक फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत) डब्याला प्रकाश नीट वाचता येत नाही आणि नेट तुटायला लागतं. ३ डीबीचा फरक म्हणजे प्रकाश निम्मा झाला, हे लक्षात ठेवा, कारण ऑपरेटरचा माणूस ‘दोन-तीनचा फरक आहे, चालतं’ असं सहज म्हणून जातो.

कोरड्या दिवशी एकदा आणि मुसळधार पावसात एकदा हा आकडा वहीत लिहा. देवरुखजवळच्या एका वाडीत एका शिक्षकांकडे मे महिन्यात उणे २२ आणि जुलैत उणे २८ दिसत होतं. घरात तीनदा डबा बदलून झाला होता. दोष होता चार खांब पलीकडे, जिथे स्प्लिटरचा, म्हणजे एका वायरचा प्रकाश अनेक वायरींत वाटणाऱ्या भागाचा, डबा झाकण वर करून बांधलेला होता. आत पाणी आणि मुंग्यांची माती. डबा उलटा बांधला, जोड मशीनने काच वितळवून नव्याने केला, आकडा जागेवर आला.

जोडाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण गावातल्या नेटची निम्मी दुखणी इथेच आहेत. वायर तुटली की दोन प्रकारे जोडतात. मशीनने काच वितळवून केलेलं स्प्लायसिंग, त्यात साधारण ०.१ डीबी किंवा त्याहून कमी प्रकाश जातो. आणि हाताने दाबून बसवायचा फास्ट कनेक्टर, तो दोन मिनिटांत होतो पण जास्त प्रकाश खातो आणि उघड्यावर ओल धरतो. घराच्या आत फास्ट कनेक्टर चालेल, खांबावर नको. स्प्लिटरही मोजून खातो, एका वायरच्या आठ करणारा साधारण १०.५ डीबी, बत्तीस करणारा १७ च्या आसपास. ऑपरेटर नवीन गिऱ्हाईक आलं की आधीच्या स्प्लिटरपुढे आणखी एक छोटा स्प्लिटर लावतो, आणि शेजाऱ्याला कनेक्शन मिळालं त्या दिवशी तुमचा आकडा घसरतो. वहीत तारीख असेल तर हे दाखवून देता येतं.

घरातही दोन गोष्टी बघून घ्या. पिवळी किंवा पांढरी पॅच कॉर्ड (डब्याला जोडणारी बारीक फायबर वायर) खिळ्याला घट्ट गुंडाळलेली नसावी, वळण निदान वाटीच्या तोंडाएवढं मोठं हवं. आणि हिरव्या टोकाला हिरवंच टोक जोडलेलं हवं, निळ्यात हिरवं घुसवलं तर बसतं पण प्रकाश वाया जातो. उघड्या टोकात डोळा लावून ‘लाइट येतेय का’ बघू नका. तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही, आणि न दिसणारा प्रकाशही डोळ्याला इजा करू शकतो.

छपरावर रेडिओ (लांबच्या टॉवरवरून बिनतारी नेट पकडणारा डबा) लावून ५ गिगाहर्ट्‌झवर नेट घेतलं असेल तर पावसाच्या थेंबांपेक्षा ओली झाडं आणि वाऱ्याने हललेला खांब जास्त त्रास देतात. नुसता टॉवर दिसून भागत नाही. पाच किलोमीटरच्या अशा लिंकला मध्यावर सरळ रेषेच्या भोवती आठ मीटरच्या आसपास मोकळी जागा लागते. जानेवारीत चालणारी लिंक जुलैत का पडते याचं उत्तर मधल्या आंब्याच्या नव्या पालवीत असतं.

रोज रात्री आठ ते अकरा रडतं

पहाटे सहाला आणि रात्री नऊला, दोन्ही वेळा वायरने जोडून वेग तपासा. टेस्टमध्ये सर्व्हर मुंबईचा निवडा, ऑपरेटरचा स्वतःचा नाही, कारण ऑपरेटरच्या सर्व्हरवर वेग नेहमीच छान दिसतो. मग कॉम्प्युटरवरून आधी राउटरला आणि मग ८.८.८.८ ला (हा बाहेरचा, गूगलचा सर्व्हर) पिंग करा, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा. राउटरचं उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत येतंय आणि बाहेरचं पहाटे २० आणि रात्री ३०० लागतंय, तर घरात काही बिघडलेलं नाही. गर्दी बाहेर आहे.

इथे लोकांना वाटतं की एका फायबरवर फार घरं जोडली म्हणून असं होतं. जीपॉनची एक लाइन जवळपास २.५ जीबीपीएस वाहून नेते आणि ती ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. ती सहसा कमी पडत नाही. कमी पडते ती ऑपरेटरने वरून विकत घेतलेली मुख्य बँडविड्थ. पाइप मोठा असतो, टाकीतच पाणी कमी असतं. म्हणून १०० चा प्लॅन २०० केला तरी रात्री काही फरक पडत नाही, आणि त्यासाठी जास्त पैसे भरू नका. चार माणसांच्या घराला रात्री नऊला खरोखर मिळणारे ४० एमबीपीएस पुरून उरतात. एका एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएस लागतात.

मोबाइल टॉवरवर हीच गोष्ट आणखी तीव्र होते. गणपतीत चाकरमानी येतात, एका वाडीत मोबाइल दुप्पट-तिप्पट होतात आणि टॉवर तेवढाच राहतो. रेंजच्या चार काड्या पूर्ण, पण व्हॉट्सॲपचा फोटो जात नाही. एअरफायबरही त्याच टॉवरवर असतं, म्हणून ते घ्यायचं असेल तर चाचणी गर्दीच्या वेळी करा, दुपारी सेल्समनसमोर नाही.

मग घ्यायचं काय?

माझं मत स्पष्ट आहे. गावात स्प्लायसिंग मशीन असलेला माणूस राहत असेल आणि तुमच्या घरापर्यंत फायबर येत असेल, तर फायबर घ्या. कंपनी कुठलीही असो. बीएसएनएलचं फायबरही गावोगाव स्थानिक केबलवाल्यांच्या भागीदारीतूनच चालतं, त्यामुळे खरा अनुभव त्या माणसावर अवलंबून असतो. वायर तुटल्यावर जो संध्याकाळपर्यंत येतो त्याचं ५० एमबीपीएस, आठवड्याने येणाऱ्याच्या ३०० पेक्षा मोलाचं.

त्याला विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न असा: गावात मुख्य लाइन किती वाटांनी येते? देवरुखचंच घ्या. केबल फक्त संगमेश्वरकडून येत असेल तर मुंबई-गोवा महामार्गाच्या कामावर जेसीबीचा एक दात लागला की सगळं गाव बंद. दुसरी वाट साखरप्याकडून, आंबा घाटाच्या बाजूने असेल तर एक तुटली तरी दुसरीवर चालतं. हा विचार सरकारनेही उशिरा का होईना केला. ग्रामपंचायतींना फायबरने जोडणारी योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं, आणि एकाच सरळ रेषेत टाकलेल्या केबल तुटत राहिल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १.३९ लाख कोटींचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला, त्यात केबल वर्तुळात फिरवायची अट आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने पोचते. तुमच्या ग्रामपंचायतीत भारतनेटचं कपाट असेल तर ते चालू आहे का आणि घरगुती कनेक्शन कोण देतं, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारा. ग्रामसभेत विचारलं तर आणखी बरं, कारण उत्तर कागदावर येतं.

फायबर येत नसेल तर एअरफायबर. जिओ आणि एअरटेल दोघांनीही ही सेवा २०२३ मध्ये सुरू केली. छपरावरचा डबा ५जी टॉवरकडे तोंड करून लागतो. महिन्याला साधारण १००० जीबीची मर्यादा असते, त्यानंतर वेग खाली येतो, म्हणून घरात सगळे मोठ्या टीव्हीवर मालिका बघत असतील तर आधी हिशोब करा. कनेक्शन घेण्याआधी त्याच कंपनीचं ५जी सिम फोनमध्ये घालून रात्री नऊला घराच्या छपरावर वेग बघा. सिग्नल दाखवणाऱ्या ॲपमध्ये ‘आरएसआरपी’ (सिग्नलच्या ताकदीचा आकडा) उणे ९० च्या आसपास असेल तर छान, उणे ११० च्या पुढे असेल तर सोडून द्या. टॉवर कुठे आहेत ते दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर दिसतं.

वाडी खोऱ्यात असेल आणि ५जी नसेल, तर ४जी राउटर आणि बाहेरचा अँटेना. सिम निवडताना जाहिरात बघू नका, छपरावर प्रत्येक कंपनीचं सिम घालून बघा. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्‌झचे सिग्नल डोंगराआडही बरे पोचतात, वेग मात्र बेताचा देतात. अँटेना दोन केबल असलेला घ्या, आणि त्या केबल जेवढ्या आखूड तेवढं चांगलं.

उपग्रहाच्या नेटची चर्चा गावागावात आहे. स्टारलिंकला भारतात जून २०२५ मध्ये परवाना मिळाला. तिचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर फिरतात, जुन्या व्हीसॅटचा (आधीच्या डिशवरच्या उपग्रह सेवेचा) उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर, त्यामुळे जुन्या सेवेत फोनवर बोलताना जो अर्ध्या सेकंदाहून जास्त उशीर व्हायचा तो इथे नसतो. पण डिशला चहूबाजूंनी मोकळं आकाश लागतं, माडांच्या बागेत ते सापडणं कठीण, आणि ती ७५ ते १०० वॉट खाते. मिनी यूपीएस पुरणार नाही, इन्व्हर्टर लागेल. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तुमच्या पत्त्यासाठी दर दिसत असेल तरच विचार करा. बुकिंगच्या नावाखाली कुणी पैसे मागत असेल तर एक रुपया देऊ नका.

ज्यांचं पोट नेटवर आहे, म्हणजे घरून नोकरी करणारे, सीएससी (सरकारी ऑनलाइन सेवांचं) केंद्र चालवणारे, क्लास घेणारे, त्यांनी दुसरी सोय ठेवावीच. फक्त ती पहिल्याच्या खांबावरची किंवा त्याच केबलवरची नको. फायबरबरोबर दुसऱ्या कंपनीचं प्रीपेड सिम ४जी राउटरमध्ये, एवढं बहुतेकांना पुरतं. पहिलं गेलं की दुसरंही त्याच मिनिटाला जातं असं वहीत दिसलं, तर दोघांची मुख्य लाइन एकच आहे, सिम बदला.

पैसे देताना वर्षाचे एकदम भरू नका. पहिले तीन महिने महिन्याचेच भरा आणि त्यात पावसाळ्याचा एखादा महिना आलाच पाहिजे. डबा विकत दिलाय की वापरायला, डिपॉझिट परत मिळणार का, हे पावतीवर लिहून घ्या. शेतावरचा सीसीटीव्ही लांबून बघायचा असेल तर पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा नेटचा पत्ता) मिळेल का ते आधी विचारा, बहुतेक ठिकाणी तो मागितल्याशिवाय मिळत नाही.

आणि दोष बाहेरचा आहे हे वहीवरून ठरलं, तर तक्रार फोनवर बोलून सोडू नका. तक्रार क्रमांक घ्या. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा, परवानाधारक कंपन्यांना ते ठेवावं लागतं आणि अपिलाला फी नसते. तिथेही दाद लागली नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाच्या नावे नोंद करा. ट्राय (दूरसंचार नियामक प्राधिकरण) वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथे अर्ज पाठवून वेळ घालवू नका. अर्जात ‘नेट स्लो आहे’ असं लिहिलं की ‘तपासून बंद केली’ असं उत्तर येतं. त्याऐवजी तारीख, वेळ, आरएक्स पॉवरचा कोरड्या दिवसाचा आणि पावसातला आकडा, पहाटेचा आणि रात्रीचा वेग, एवढं चार ओळींत लिहा आणि वहीच्या पानाचा फोटो जोडा.